गुणांप्रमाणे धावलेला वर्ग

माझी धाकटी नणंद एका मोठ्या शाळेत एकोणीस वर्षं खेळ शिकवते आहे. ‘शिकवते’ हा शब्द मी नात्याला जागून वापरला. खरं म्हणजे ती एकोणीस वर्षं खेळाचा तास परत मागते आहे. मुलं तिला शिट्टीबाई म्हणतात. शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या बारा आणि शिक्षक तेरा. उभं कोण राहतं ते सांगायला नकोच.

मैदान चांगलं ऐसपैस आहे. चुन्यानं दोनशे मीटरची चक्कर आखता येते. मुख्याध्यापक मात्र त्याला ‘मोकळी जागा’ म्हणतात आणि पाहुणे आले की त्यांच्या गाड्या तिथं लावून ती भरून काढतात. वेळापत्रकातही अशीच व्यवस्था. पहिली-दुसरीला आठवड्यातून तीन तास खेळ. पाचवीला दोन. आठवीला एक, तोही ऊन नसेल, धूळ नसेल आणि चाचणी नसेल तर. दहावीला शून्य. म्हणजे कागदावर एक आहे, पण त्या तासाला गणिताचे सर वर्गात शिरतात. “बाई, तुमचा तास घेतो हं,” असं ते म्हणतात, शेजारणीची वाटी मागावी तसं. वाटी निदान परत येते.

याच सरांनी या वर्षी तिची नोकरी धोक्यात आणली. थोडी तिनंही.

झालं असं, की दर वर्षी प्रत्येक मुलाचा एक तक्ता क्रीडा कार्यालयाला पाठवावा लागतो. सहाशे मीटर किती वेळात धावला, उडी किती मारली, वाकून पायाच्या बोटांना हात लागतो का. खाली खेळाच्या शिक्षकाची सही. दहावीची सराव परीक्षा तोंडावर होती. मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. “एकेचाळीस तक्ते आहेत, सह्या करून ठेवा. परीक्षा झाली की पोरं धावतील, मग आकडे भरू.” हिनं कोऱ्या तक्त्यांवर सह्या ठोकल्या.

“अगं, कोऱ्यावर सही?” मी नंतर कपाळावर हात मारला.

“वहिनी, मागच्या वर्षीही केल्या होत्या. तेव्हा खरंच धावली होती की मुलं.”

सराव परीक्षा संपली, तिच्या मागून सरावाच्या सरावाची परीक्षा आली. मग शेवटची तारीख उजाडली. ही तिसरीच्या मुलांना घेऊन मैदानावर असताना गणिताच्या सरांनी खुर्चीवरून न उठता दहावीचा अख्खा वर्ग पळवला. आता आकडे द्यायचे कसे? अंदाजपंचे दिले तर पालक विचारणार, माझा मागे का? त्यावर सरांनी शास्त्रशुद्ध तोडगा काढला. त्यांनी गुणपत्रिका समोर घेतली. वर्गात पहिला तो धावण्यात पहिला, एक मिनिट तीस सेकंद. त्याच्यामागे तीन-तीन सेकंदांच्या अंतरानं बाकीचे, मुंग्यांच्या रांगेसारखे. सगळ्यांत शेवटी नापास होता होता वाचलेली एक मुलगी. तिला साडेतीन मिनिटं. कुणाची तक्रार येण्याचा प्रश्नच नव्हता. गुणांप्रमाणे न्याय मिळाला की लोक गप्प बसतात.

तीन आठवड्यांनी कार्यालयाचं पत्र आलं. आपल्या शाळेतील या विद्यार्थ्याची सहाशे मीटरची वेळ असाधारण आहे, पंधरवड्यानं होणाऱ्या निवड चाचणीला त्यास घेऊन यावे.

मुख्याध्यापकांनी ते पत्र सकाळच्या सभेत वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. पहिला आलेला मुलगा टाळ्या वाजवता वाजवता आपलंच नाव ऐकून थांबला. माझी नणंद त्याच्या मागेच उभी होती. ती सांगते, त्याच्या मानेवर दरदरून घाम फुटला. सहावीनंतर त्या मुलाला पहिल्यांदाच घाम आला असेल.

सभा संपताच ती मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. “सर, कळवून टाका की चूक झाली.”

“कुणाची?” त्यांनी चष्मा पुसत विचारलं. “सही कुणाची आहे?”

“आकडे माझे नाहीत.”

“आकड्यांच्या खाली नाव तुमचं आहे, बाई. खोटा तक्ता पाठवणाऱ्या शिक्षकाला कार्यालय घरी बसवतं. त्यापेक्षा मुलाला चाचणीच्या दिवशी ताप आला म्हणावं. काय म्हणता?”

ती संध्याकाळी आमच्याकडे आली. चहा पुढ्यात निवत होता. माझे यजमान, म्हणजे तिचे सख्खे बंधुराज, सोफ्यावर आडवे होऊन कुठली तरी अटीतटीची मॅच बघत होते. पोटावर रिमोट ठेवून त्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या. “आपलेच दात, आपलेच ओठ. गप्प राहा. ताप आला म्हण नि मोकळी हो.”

“दादा, तू शेवटचा कधी पळाला होतास?”

“मी लग्नाच्या दिवशी पळायला हवं होतं,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मी आवाज बंद केला. टीव्हीचा.

तापाची गोष्टही सोपी राहिली नव्हती, कारण मुलाच्या वडिलांनी बूट आणले. तळाशी हवेची उशी असलेले, दिव्यात चमकणारे. ते दोन इमारती सोडून पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टनं जातात. नणंदेनं मला सोबत नेलं. वडिलांनी दार उघडलं तेव्हा चेहऱ्यावर नुसतं तेज.

“आम्हाला कल्पना होतीच,” ते म्हणाले. “हुशार मूल सगळ्यातच हुशार असतं.”

“साहेब, तुमचा मुलगा धावलेलाच नाही. कुणीच धावलेलं नाही.”

“म्हणजे?” तेज मावळलं. “तक्त्यावर लिहिलंय. सरकारी कागद आहे तो. की अभ्यासातल्या मुलानं खेळात पुढे गेलेलं तुमच्या पोटात दुखतं?”

आतून मुलगा आला. पंधरा वर्षांचा, पाठीला पोक, खांदे कानाशी आलेले, पायात ते नवे बूट. बुटांना अजून जमीन ठाऊक नव्हती. तो गादीवरच घालून बसत होता. “बाई,” तो हळूच म्हणाला, “लिफ्ट बंद होती तेव्हा मी जिन्यात दोनदा बसलो होतो.”

“तू गप रे! आत जाऊन वाचत बस,” वडील ओरडले. बस हा शब्द त्या घरात आशीर्वादासारखा वापरतात.

घरी परत आल्यावर तिनं माझ्याकडे कागद मागितला. तिनं लिहिलं, की एकेचाळीस तक्त्यांतला एकही आकडा खरा नाही, कोऱ्या तक्त्यांवर सही करण्याची चूक माझी आहे, त्याची शिक्षा मला द्या, पण मुलांना खरोखर धावू द्या. मी व्याकरण पाहिलं. गणिताच्या सरांचं नाव घाल म्हणून मी तीनदा सांगितलं. “सही त्यांची नाही,” ती म्हणाली. अशी माणसं घरात असली की रक्तदाबाच्या गोळ्या वहिनीला लागतात.

आठ दिवसांत एक अधिकारी स्वतः घड्याळ घेऊन आला. फेरचाचणी त्याच्या डोळ्यांदेखत, सगळ्या इयत्तांची. तिचं काय करायचं ते त्यानंतर. मुख्याध्यापकांच्या खुर्चीला घाम फुटला. मैदानातल्या गाड्या निघाल्या, चुना पडला. मीही कुंपणाशी उभी राहिले. घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा ते बरं.

पहिलीची मुलं शिट्टीआधीच सुटली. त्यांना रेघेशी थांबवताना अधिकाऱ्याची टोपी पडली. शेवट आल्याचं त्यांना कळलंच नाही. ती पुढेही पळत राहिली. पाचवीची मुलं जोरात निघाली आणि दुसऱ्या चक्करला पोट धरून वाकली. आठवीच्या मुली घोळक्यानं चालल्या, केस विस्कटू न देता. आणि दहावी! मी काय सांगू. एकेचाळीस मुलं रेघेवर अशी उभी, जणू कुणी शिक्षा केली आहे. शंभर मीटरवर बोलणं बंद, दोनशेवर पाय बंद. एक जण बुटाची नाडी बांधायला बसला तो बसलाच. दहा वर्षं आपण ज्यांना बसायला शिकवलं, त्यांनी धडा किती पाठ केलाय ते त्या दिवशी सगळ्या शाळेनं पाहिलं. गणिताचे सर सावलीतून म्हणाले, “मैदानच जरा चढावर आहे.” नाचता येईना, अंगण वाकडं.

पहिली कोण आली? तीच, साडेतीन मिनिटं मिळालेली. दोन मिनिटं चार सेकंद. तिच्या वस्तीपर्यंत शाळेची बस जात नाही, ती रोज अर्धा तास चालत येते. आपल्याला लंगडी घालत धावल्यासारखे आकडे का दिले होते, हे तिनं अधिकाऱ्यालाच विचारलं. अधिकाऱ्यानं गणिताच्या सरांकडे पाहिलं. सरांनी घड्याळाकडे.

आमचा पहिला क्रमांक पाच मिनिटं दोन सेकंदांत पोचला, बहुतेक चालत, पण पोचला.

महिन्यानं कार्यालयाचा हुकूम आला. नणंदेला लेखी ताकीद, एक वर्षभर कोणत्याही तक्त्यावर एकटीनं सही करायची नाही, आणि खेळाचा तास दुसऱ्या विषयाला दिल्यास मुख्याध्यापकांनी लेखी कारण द्यायचं. नोकरी राहिली. तिच्या नावाला लागलेला डाग राहिला, तोही. शिक्षकांच्या खोलीत आता तिला कुणी ‘तुमचा तास घेतो’ म्हणत नाही. फारसं काहीच म्हणत नाही.

पण खरा गोंधळ पुढे झाला. मुलाच्या वडिलांनी अर्ज केला, सहाशे मीटरच्या पुनर्मूल्यांकनाचा. पेपर तपासायला देतात तसा.

“पुन्हा तपासायचं म्हणजे पुन्हा धावायचं,” ती म्हणाली.

“धावेल!” वडील स्वतः घड्याळ घेऊन आले. अर्ध्या चक्करपर्यंत मुलाच्या बाजूनं चालले, मग गुडघा धरून कठड्यावर टेकले. चार मिनिटं एकेचाळीस.

“बघा,” ते धापा टाकत म्हणाले, “एकवीस सेकंदांची चूक निघाली तुमची.”

तिनं नवा आकडा लिहिला आणि अधिकाऱ्याच्या दुसऱ्या सहीसाठी कागद पाठवला.

परवा तिच्याकडे आणखी एक अर्ज आलाय. तोच विषय, पुनर्मूल्यांकन. अक्षर मुलाचं आहे. पालकांच्या सहीची जागा कोरी सोडली आहे, आणि वेळ लिहिली आहे सकाळी सहाची, बाबा उठायच्या आत.