ताईचा डावा कान

ताई गेल्याचा फोन भाच्याने सकाळीच केला. अमरावतीहून अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर कधी मागे पडलं, कळलंच नाही...

माझी ही मोठी बहीण सरकारी दवाखान्यात नर्स होती. नोकरीत असतानाच तिचे दोन्ही कान मंद झाले. तिने यंत्र लावलं ते फक्त उजव्या कानाला. "एकानं भागते," म्हणायची. ऐकू यायचं, पण आवाज कुठून आला ते उमजत नसे. हाक मारली की भलतीकडेच वळायची. रविवारी विहारात चार बाया एकदम बोलू लागल्या की ती नुसती हसत बसायची. घरी भाऊजी तिच्या डाव्या हाताला बसत. ते एकदा सांगत, दुसऱ्यांदा ओरडून सांगत, आणि मग जाऊ द्या म्हणून गप्प होत. हळूहळू दोघांचं बोलणं जेवण आणि औषधांपुरतं उरलं.

एकदा बाजारात मागून हॉर्न वाजला. ताई बाजूला सरकली ती नेमकी ऑटोच्याच पुढे. मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर मी तिला अमरावतीला कान तपासायला आणलं. तिथल्या मॅडमनी दोन्ही कानांत यंत्रं बसवली, तिच्या डावीकडे गेल्या आणि हळूच नाव घेतलं. ताई बरोबर त्यांच्याकडे वळली. मग माझ्याकडे बघून रडायलाच लागली.

सुरुवातीला तिला भांड्यांचा आवाजही सोसत नसे. वैतागायची, यंत्रं काढून ठेवायची, पुन्हा लावायची. मग एका दुपारी तिचा फोन आला. "तुह्या भाऊजीले गाणं येते हे मले मालूमच नव्हतं वं. पेपर वाचता वाचता गुणगुणते हा माणूस." किती वेळ हसत होती... पुढे ती विहारातल्या बायांशी वाद घालू लागली, बाजारात एकटी जाऊ लागली. संध्याकाळी फोन केला तर म्हणायची, "थांब, आमी बोलून राहिलो."

ताईला जाऊन महिना झाला. परवा पुन्हा अकोल्याला गेले होते. भाऊजी व्हरांड्यात बसले होते. काहीतरी म्हणाले, पण इतकं हळू की मला नीट ऐकूच आलं नाही.

"भाऊजी, जरा मोठ्यानं बोला ना."

ते ओशाळले.

"मोठ्यानं बोलाची सवयच मोडली," म्हणाले. "तिले एवढ्या हळू आवाजातबी ऐकू येत जाय."