चौथा कोपरा

दुपारचे तीन वाजलेत. उद्या सकाळी उद्घाटन आहे, म्हणून हॉलमध्ये शिड्या, सुतळ्या आणि ठोकाठोकी चाललीय. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेय आणि समोर माझी वाकळ टांगलेली आहे. आमच्या गडहिंग्लजकडे वाकळ म्हणतात, इथे पुण्यात गोधडी म्हणावं लागतं. डोळे जड होताहेत.

'दोन रंगांच्या गोधड्या, जुन्या आणि नव्या' असं या प्रदर्शनाचं नाव. नव्या आहेत त्या काळ्या-पांढऱ्या, शेंदरी-राखाडी, आणि इतक्या बेतशीर की त्यांवर आडवं व्हायचं तर आधी परवानगी मागावी लागेल. जुन्या चारच. त्यांत ही निळी-पांढरी माझी. प्रदर्शन मांडणारी ऋजुता सकाळपासून तिसऱ्यांदा हिच्यापाशी थांबलीय.

"मॅडम, दोनच रंग! काय संयम आहे! आणि हा चौथा कोपरा मुद्दाम उघडा सोडलाय. किती धीट बाई असेल!"

खाली पाटी आहे: 'गडहिंग्लज परिसर. शिवणारी: अज्ञात.' ते 'अज्ञात' मीच लिहून दिलंय. नाव लिहिलं असतं तर नातं विचारलं असतं, आणि नातं सांगितल्यावर त्या कोपऱ्याचं सांगणं आलंच.

हातोड्याचा आवाज लांब लांब जातो. वाकळेखाली फरशीवर कुणीतरी एक पाय पसरून बसलंय. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली आहे. हौसाक्का, माझी थोरली बहीण. तिला जाऊन अकरा वर्षं झाली, पण मला तिचं इथे असणं अजिबात नवल वाटत नाही. उशीर केलास, एवढंच वाटतं.

"संयम म्हंजे काय गं, माले?"

"म्हणजे... थोडक्यात भागवणं."

"मग बराबर हाय." ती सुईत दोरा ओवते. "दुसरा रंग घरात येतच न्हवता. तुजी साळंची निळी परकरं आन पांढरी पोलकी. माजं नाव चवथीत काढलं. दोघीबी गेलो असतो साळंला, तर लौकर झाली असती वाकळ."

ती हसते. मी हसत नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा घर बघायला कुणीतरी हवं होतं, आणि हौसाक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी होती. ते कुणीतरी मी नव्हते, याचा मला तेव्हा आनंदच झाला होता.

खुर्ची आता खाट झालीय. कोल्हापूरचं होस्टेल. माझ्या खोलीतल्या तिघी वेण्या घालत बसल्यात. दारात हौसाक्का उभी आहे, हातात सुई आणि फडक्यात बांधलेली भाकरी. वाकळ पुरी व्हायच्या आधीच माझी एसटी लागली होती, म्हणून तीनच कोपरे शिवलेली वाकळ घेऊन मी आले होते. आमच्याकडे वाकळ उपाशी ठेवत नाहीत. ती ज्याच्यासाठी शिवली त्यानं शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा घास घालायचा आणि शिवणारीनं कोपरा मिटायचा. तेवढ्यासाठी ती दोन एसट्या बदलून आलीय.

"कोण गं या?" खिडकीतली मुलगी विचारते.

पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे. मी दात आवळते. तरी माझाच आवाज, अठरा वर्षांचा, खोलीभर ऐकू येतो. "आमच्या गावची बाई आहे. आमच्याकडे कामाला असते."

मला तिची लाज वाटली होती. तिच्या विटक्या लुगड्याची, भेगाळलेल्या टाचांची, त्या भाकरीचीसुद्धा.

"ऐकलं मी," हौसाक्का म्हणते. जिवंतपणी हे ती कधीच म्हणाली नाही. फडकं तेवढं माझ्या हातात दिलं आणि परतीच्या गाडीनं गेली. "भैरी न्हवते मी, माले."

होस्टेलच्या भिंतीला आमची चूल लागून आहे. तिच्या उजेडात वाकळेचा चौथा कोपरा हौसाक्काच्या मांडीवर आहे. ती भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरते.

"घाल आता घास. लई वरसं झाली."

मी हात पुढे करते. तेवढ्यात चुलीमागे ठेवणीतले कपडे घातलेली माणसं उभी राहतात, प्रत्येकाच्या हातात प्रदर्शनाची पुस्तिका. सगळ्यांच्या पुढे ऋजुता.

"मॅडम, या कोण?"

तीस वर्षं वर्गात उभी राहून बोलले मी. आता पुढे केलेला हात मागे घेते.

"आक्का," मी हळूच म्हणते, "जरा नंतर. लोक आहेत."

हौसाक्का माझ्याकडे बघते. रागानं नाही, अंदाज खरा निघाल्यासारखी. मग तो घास ती स्वतःच्या तोंडात टाकते. घरात सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं खाणारी बाई सावकाश चावून खाते. खाऊन झाल्यावर डाव्या हातानं कोपरा मिटायला घेते.

"आक्का, थांब! ती उपाशी राहील."

"ऱ्हाऊ दे. शिवणारीबी ऱ्हायली की."

ती दातानं दोरा तोडते.

"मॅडम! मॅडम, उठा!" ऋजुता माझा खांदा हलवतेय. हॉल, शिड्या, ट्यूबलाइट. तिचा चेहरा उतरलाय. "हे कुणी केलं? सकाळी तर कोपरा उघडा होता!"

चौथा कोपरा शिवलेला आहे. पांढऱ्या दोऱ्यानं, बारीक टाके, डावखुऱ्या हाताचे असतात तसे उलटे कललेले.

"हौसानं," मी म्हणते. माझा आवाज शिडीवरच्या माणसालाही ऐकू जातो. "हौसा बाळू मगदूम. माझी सख्खी थोरली बहीण. सगळी वाकळ तिनंच शिवलीय."

"अहो, पण पुस्तिकेत त्या उघड्या कोपऱ्यावरच दोन पानं आहेत. छापूनसुद्धा आलीत!"

ती आणखी बरंच काही बोलते. मी उठून वाकळेपाशी जाते. दोऱ्याचं टोक बोटाला ओलं लागतं. कोपरा दाबून बघते, चिमटीत धरून पुन्हा बघते. आत काही नाही.