म्हाळसाच्या आतली जाळी

मेंढरांमागं फिरता फिरता म्हाळसानं तीन पोरं जन्माला घातली, आणि दर खेपेला अंग ओलं असतानाच बिऱ्हाड उचलून पुन्हा चालायला लागली. पुढं कुरकुंभजवळ वावर झालं, मेंढरं गेली, पण तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली सरकून बाहेर यायला लागलं. कित्येक वर्षं ती फडक्याचा बोळा लावून राबली आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. हे दुखणं म्हणजे जणू बाईनं केलेली चोरीच!

शेवटी सून स्वप्नालीनं ओळखलं. ती औषधांच्या कंपनीत कामाला. पुण्याच्या एका दवाखान्यात नव्या उपचाराची चाचणी चालली होती, तिथं ती सासूला घेऊन गेली. म्हाळसाच्याच पोटाच्या चरबीतून मूळपेशी काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या, विरघळणाऱ्या जाळीवर पसरल्या आणि ती जाळी आत शिवली.

"जाळी विरेल, तिथं तुमचंच मांस धरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धरेलच असं मात्र आज सांगता येत नाही. तोवर जड उचलायचं नाही."

घरी सांगितलं, पोटातली गाठ काढली. नवऱ्यापुढं, खंडूपुढं, खरं बोलायची तिला लाज वाटली.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला. साधा खोकला आला तरी ती ओटीपोट दाबून धरायची. लावलेलं कांद्याचं रोप मुळी धरलीय का म्हणून कुणी उपटून बघत नाही. हिला मात्र घडोघडी तसं बघावंसं वाटायचं.

कांदा निघाला. टेम्पो बांधाला लागला. खंडूनं नेहमीसारखी हाक मारली, "अगं, हात लाव जरा."

ओझ्याला हात लावायला बोलावलं की त्या शिवारात वैऱ्यालाही कुणी नाही म्हणत नाही. म्हाळसा वाकली. गोणीचे कान धरले. आत ओढ बसली, की नुसतं तसं वाटलं, तिला कळेना.

तिनं कान सोडले.

"मला उचलायचं न्हाई. गाठ न्हवती ती. माझं अंग बाहेर येत हुतं. आत जाळी बसवलीया."

टेम्पोवाला दुसरीकडं बघायला लागला. खंडूचा चेहरा उतरला. मग कांदा निवडत बसलेल्या शेजारच्या नकुशीला तो म्हणाला, "नकुशे, तू तरी ये."

नकुशी उठून गोणीपाशी आली, पण वाकली नाही.

"मला बी न्हाई जमायचं, दादा," ती म्हणाली. मग म्हाळसाकडं वळली. "वैनी, ही जाळी कुठं बसवत्यात?"