राजाच्या बाजूची बाई

बाबांचा पहिला स्मृतिदिन जवळ आला तसं आईने सांगून टाकलं, "तो आधारकार्डावरचा फोटो मले भिंतीवर नको. तरणा फोटो आण."

आता तरणा फोटो कुठून आणू? आरमोरीकडच्या आमच्या गावात वैनगंगेचं पाणी शिरलं, त्यात ट्रंक गेली आणि ट्रंकेत होतं नव्हतं तेही गेलं. पुढे बाबा गडचांदूरला सिमेंट कारखान्यात लागले, पण फोटो काढून घ्यायची हौस त्यांना कधीच नव्हती. राहिला तो आधारकार्डाचा, आणि त्यात बाबा नुकतेच पकडून आणलेल्या चोरासारखे दिसतात. बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही तोच मोठा करून लावला होता. तेव्हापासून आई त्या भिंतीकडे पाठ करूनच बसते.

"पेपरात आला होता ना त्याचा फोटो," ती म्हणाली. "मंडईतल्या नाटकाचा. मामाने दाखवला होता मले."

"बाबा नाटकात काम करत होते?"

"मंग! लग्नाच्या आंधी. तू इचारलं का कधी?"

नव्हतं विचारलं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि पाहुणे म्हणून आलेल्यांत लग्नाची पोरंपोरी बघून ठेवायची. सोयरिकी तिथंच जुळतात. आईबाबांची तशीच जुळली, एवढं मला ठाऊक होतं. साल विचारलं तर म्हणे, मोठ्या दुष्काळाच्या आंधीची मंडई. घ्या, शोधा आता!

चंद्रपूरला आमच्या घरापासून वाचनालय जवळच आहे. पण ओढीने गेले असं नाही. खरं सांगते, बाबा गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. रडू आलंच नाही. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा आपला असून आपला राहत नाही, तसं सगळं झालं होतं. जेवत होते, ऑफिसला जात होते, विचारलं त्याचं उत्तर देत होते. आईने फोटो आण म्हटलं म्हणून निघाले. भाजी आण म्हटलं असतं तरी अशीच निघाले असते.

वाचनालयात बसायला जागा नाही. सगळ्या खुर्च्यांवर स्पर्धा परीक्षेची पोरं, मान खाली घालून. काउंटरवरच्या भाऊंना मी जुने पेपर मागितले तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

"कशाले पाह्यजे?"

"वडिलांचा फोटो शोधायचा आहे."

"सापडनच असं नाई बरं बाई. आणि झेरॉक्स नाई भेटणार, पानं तुटून राह्यले."

"मोबाईलवर काढू?"

"काढा. फ्लॅश नोका मारू."

मागच्या खोलीत त्यांनी सुतळीने बांधलेले गठ्ठे काढून दिले. धूळ अशी की दुपट्टा नाकाला बांधून बसावं लागलं. रोज ऑफिस सुटलं की मी तिथं जायची आणि पानं उलटायची. वाघाने बैल नेला. धानावर कीड पडली. अमक्या गावी नवीन विहीर झाली. एकदा आमच्या गावचं नाव छापलेलं दिसलं, पूल हवा म्हणून लोकांनी निवेदन दिल्याची दोन ओळींची बातमी. आपलं गाव पेपरात बघून एखाद्याला भरून आलं असतं. मी पान उलटलं.

आणि मग एका संध्याकाळी सापडला. गावाचं नाव, खाली 'मंडईनिमित्त झालेल्या नाटकातील एक प्रसंग', कलाकारांची नावं नाहीत. रंगमंचावर दोनच माणसं. झुपकेदार मिशांचा एक राजा, छाती पुढे काढून तलवारीवर हात ठेवून उभा. बाजूला राणी बसलेली. मी राजाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. एवढी धूळ खाऊन बाप सापडला आणि माझ्या आत काही म्हणजे काही हललं नाही. तेव्हा मात्र मला माझीच भीती वाटली. वाटलं, संपलं, आता आपण अशाच राहणार.

फोटो मोबाईलवर घेतला. राणीला कापून टाकलं, नुसता राजा ठेवला, आणि गोल बाजारातल्या स्टुडिओत मोठा करायला दिला. फ्रेम छान झाली. घरी आणून आईच्या मांडीवर ठेवली.

आईने चष्मा पुसला. फ्रेम जवळ धरली, लांब धरली.

"हा कोन माणूस आनला वं?"

"कोण म्हणजे? बाबा!"

"बाप्पा!" आईने कपाळाला हात लावला आणि हसायला लागली. वर्षभरात पहिल्यांदा. "हा तं दुसराच हाय. लेकीनं बी तेच केलं! अवं, याच्या बाजूची बाई कुठी गेली?"

"कापली."

"तोच तुहा बाप!"

तेव्हा नाटकातल्या बायांची कामं गावची पोरंच करायची, हे मला कळायला हवं होतं. आईलाही कळायला हवं होतं. मंडईच्या त्या रात्री मामाने तिच्या कानात सांगितलं होतं, पोरगा तो पाह्य, समोर. समोर राजा बोलत होता. आईने राजा बघितला आणि सकाळी हो म्हणून मोकळी झाली.

"लग्नात हार घालाले मान वर केली," आई म्हणाली, "तं समोर राणी उभी."

"मग?"

"मंग काय! लय दिवस बोललीच नाई मी त्याच्याशी. एक दिवस बाहेर जायचं होतं, मले नऊवारी जमून नाई राह्यली. तो आला, खाली बसला, अन् निऱ्या बसवून देल्ल्या. अशा निऱ्या माह्या मायले बी जमत नव्हत्या."

माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मला पहिल्यांदा साडी नेसवली ती बाबांनीच. कारखान्यातून येऊन, हात धुऊन. या माणसाला हे येतं कसं, असा प्रश्नही मला कधी पडला नव्हता.

मी मोबाईलमधला मूळ फोटो उघडला आणि राणी मोठी केली. नाकात नथ, डोक्यावर पदर. आणि मान डावीकडे जराशी कललेली. बाबांना उजव्या कानाने कमी ऐकू यायचं. आम्ही काही सांगायला लागलो की ते अशीच मान कलती करून, डावा कान आमच्याकडे करून ऐकायचे. राजा काहीतरी मोठ्याने बोलत असणार, आणि बाबा ऐकत होते.

आई म्हणाली, "हाच लाव भिंतीवर. नथीसकट."

दुसऱ्या दिवशी मी परत स्टुडिओत गेले. मोबाईल स्टुडिओवाल्या भाऊंच्या हातात दिला, म्हटलं आता राजा कापा आणि यांना ठेवा. त्यांनी फोटो स्क्रीनवर घेतला, कडा सारख्या केल्या. खाली नाव टाकायचं होतं.

"नावाआधी स्वर्गीय नाई, कालकथित लिहू ना? ह्या बाई कोन तुमच्या?"

"बाबा," मी म्हटलं, आणि तिथल्याच स्टुलावर बसून, गिऱ्हाईकांसमोर, हमसून हमसून रडले.