वर आणि खाली

बुधवारी माझी बायको गेली. मी शाळेत होतो. शिपायाने वर्गाच्या दाराशी येऊन सांगितलं. मी खडू ठेवला आणि निघालो.

सुरतेत माणूस गेला की बेसणं होतं. लोक पांढऱ्या कपड्यांत येतात, हात जोडतात, थोडा वेळ फरशीकडे बघतात आणि मग घराकडे बघू लागतात. घर स्वतःचं का? वरचा मजला नंतर चढवला का? आता एकट्याला एवढी जागा काय करायची? मी पाण्याचे पेले पुढे करत होतो. मराठी शाळेत मराठी शिकवणारा माणूस एरवीही फार बोलत नाही. बोलला तर लोकांचं व्याकरण सुधारतो, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्याला फारसं कोणी बोलतंही करत नाही.

माझी शाळा लिंबायतला आहे. मुलं खानदेशी घरांतली. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती, मोबाइलवर हिंदी, आणि निबंधाच्या वहीत तिन्ही एकाच वाक्यात. 'माझा डबा खाली आहे' असं कोणी लिहिलं की मी लाल रेघ मारायचो. खाली म्हणजे तळाशी. डबा संपला असेल तर रिकामा लिही. एकदा एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, पण डबा खालीच आहे. बेंचच्या." मी वाकून बघितलं. डबा बेंचखाली होता आणि रिकामाही होता. तिला पूर्ण गुण द्यावे लागले.

हीच लाल रेघ मी घरीही मारायचो. बायको सुरतेतच वाढलेली. "गॅसची बाटली खाली झाली," ती म्हणायची. "रिकामी झाली," मी म्हणायचो. "झाली ना? मग आणा."

ती साड्यांच्या भरतकामाची डिझाईनं कॉम्प्युटरवर बनवायची. चित्राचे टाके करायचे, कुठला टाका आधी, कुठला नंतर, ते मशीनला कळेल असं लिहायचं. याला इथे पंचिंग म्हणतात. तिचा एक कॉम्प्युटर वरच्या खोलीत होता. त्यावर तिची स्वतःची कामं चालत. दुसरा खालच्या खोलीत. त्यावर ती आसपासच्या बायकांना शिकवायची. ज्यांना घरातून निघणं जमत नसे त्यांच्यासाठी तिने धडे रेकॉर्ड केले होते. त्यांत तिचा चेहरा नाही. पडद्यावर डिझाईन दिसतं, एक बाण फिरतो, आणि तिचा आवाज.

दोन्ही कॉम्प्युटर म्हातारे झाले तेव्हा तिने लॅपटॉप घेतला. जुने भंगारवाल्याकडे द्यायच्या आधी पेचकस घेऊन बसली आणि भोपळ्यातल्या बिया काढाव्यात तशा त्यांच्या हार्ड डिस्क काढून घेतल्या. कॉम्प्युटर गेला म्हणून डिस्क कशाला टाकायची, असं तिचं म्हणणं. मग एक काळा ठोकळा आणला. वर दोन खाचा. खाचेत डिस्क उभी करायची, वायर लॅपटॉपला जोडायची, की जुनी डिस्क पुन्हा कामाला लागते.

"याला काय म्हणतात?" मी विचारलं.

"डॉक."

"म्हणजे गोदी."

"अहो, गोदीत जहाज लागतं."

"इथे डिस्क लागते. तेच झालं."

"म्हणा गोदी. मशीनला काय, ते कुठे मराठी शिकलंय!"

तेव्हापासून आमच्या घरात ती गोदी. डिस्क घारीच्या, म्हणजे सुरती मिठाईच्या, डब्यात ठेवलेल्या असत. घारी खाऊन संपली, डबा तूप सोडायला तयार नव्हता, म्हणून त्यात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत डिस्क. दोन्हींवर तिने कागद चिकटवून नावं लिहिली होती.

तेरावं झालं, मुलगी सासरी परतली आणि मेहुणा आला. म्हणजे तिचा धाकटा भाऊ. राहायला बमरोलीला, कामाला इच्छापोरच्या एका कारखान्यात ठेकेदारीवर. त्याला कॉम्प्युटर येतो. म्हणजे तो बटण दाबायला घाबरत नाही. त्याच्या मागोमाग सोसायटीचे प्रमुख आले. सांत्वनाला असं म्हणाले, पण त्यांची नजर गोदीवर गेली.

"सर, आपल्या कॅमेऱ्याची डिस्क उडी गई छे," ते म्हणाले. "पार्किंगमध्ये कोण येतं, कोण जातं, काही रेकॉर्ड नाही. बेनकडे एखादी पडेली असेल तर... अमस्ती पडी रहे त्यापेक्षा कामे लागे ने."

मेहुण्याने घारीचा डबा उघडला. एका डिस्कवर 'वर' लिहिलं होतं, दुसरीवर 'खाली'.

"बघा दाजी!" त्याचा आवाज भरून आला. "ताईनं पोरीच्या लग्नाची शूटिंग जपून ठेवली. वर! जावईबापूंची बाजू."

"मग वधूची डिस्क कुठे?" मी विचारलं.

"वधूचं काय शूटिंग करायचं दाजी, ती तर आपल्या घरचीच."

त्याने 'वर' रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. 'खाली' प्रमुखांच्या हातात होती. ते चष्मा वर करून वाचत होते. मराठी त्यांना तोडकंमोडकंच येत होतं. पण हा शब्द येत होता.

"खाली ज छे," ते म्हणाले.

"दाजी, गोदीत लावून बघू का एकदा?" मेहुणा म्हणाला.

"खाली लिहिलंय ना," मी म्हणालो. "मग बघायचं काय?"

मला तेव्हा वाटलं होतं, इतकी वर्षं सांगूनही हिने शेवटपर्यंत 'रिकामी' लिहिलं नाही. वाटलं आणि बरंही वाटलं. तिचा हट्ट तरी घरात शिल्लक आहे. त्या भरात मी डिस्क दिली.

तिचे धडे लॅपटॉपमध्ये आहेत असं मी धरून चाललो होतो. फोटो भिंतीवर होता, पण आवाज फक्त त्या धड्यांत. ते ऐकायचं धाडस होत नव्हतं, म्हणून राखून ठेवले होते. लहान मूल वडीतला शेवटचा तुकडा ठेवतं तसे.

आठवड्याभरात तिची एक विद्यार्थिनी आली. लिंबायतची, घरी सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून क्लास अर्धवट राहिलेला. तिने धडे मागितले. मी लॅपटॉप उघडला. हिशेबाची बिलं होती, डिझाईनं होती, माझ्या पेन्शनचे कागद होते. धडे नव्हते.

"यात नसतील सर," ती म्हणाली. "मॅडम खालच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायच्या. वरच्यावर त्या आम्हाला हात लावू देत नव्हत्या."

मी उठून जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

वरची डिस्क, वर. खालची डिस्क, खाली. तिने शुद्ध मराठी लिहिलं होतं. इतक्या वर्षांच्या लाल रेघा तिने मनावर घेतल्या होत्या आणि मला सांगितलं नव्हतं. आख्ख्या सुरतेत तो शब्द तिच्या अर्थाने वाचू शकणारा माणूस एकच होता, आणि त्याने तो सुरती अर्थाने वाचला.

प्रमुख सोसायटीच्या केबिनमध्ये होते. कॅमेऱ्याच्या पेटीवर त्यांनी छोटी पितळी तकती, म्हणजे पाटी, लावून घेतली होती. तिच्यावर गुजरातीत माझ्या बायकोचं नाव आणि 'स्मरणार्थ भेट'.

"सरस लागे छे ने?" ते म्हणाले.

"डिस्क परत हवी आहे. तिच्यात हिचा आवाज आहे."

"ए तो खाली हती, सर."

"खाली म्हणजे खालची. मराठीत."

त्यांनी पेटीकडे बोट केलं. "टाकल्याबरोबर मशीनने विचारलं, आधीचं पुसू का? आम्ही हो म्हटलं."

"आधीचं काही होतं म्हणूनच विचारलं ना त्याने?"

"मशीन तो पूछ्या ज करे, सर."

पडद्यावर आमचं पार्किंग दिसत होतं. एक कुत्रा स्कूटरच्या सीटवर झोपला होता. यंत्र त्याची नोंद मन लावून करत होतं आणि त्यासाठी लागणारी जागा माझ्या बायकोच्या आवाजातून घेत होतं. तिच्या स्मरणार्थ.

"आत्ता बंद करा," मी म्हणालो.

"भेट आलेली वस्तू कमिटीला विचारल्याशिवाय कशी काढू? रविवारी मिटिंग छे."

"रविवारपर्यंत तो कुत्रा तिच्यावर झोपेल."

मी आयुष्यात एवढ्या मोठ्याने बोललेलो नाही. वॉचमन उठून उभा राहिला. प्रमुखांनी प्लग काढला. मग म्हणाले, नवी डिस्क आणून दिली तर कमिटी समजून घेईल, पण तकती काढायची नाही, कोरून देणारा माणूस ओळखीचा आहे. मी नवी डिस्क आणली. तकती आहे तिथेच राहिली.

मेहुण्याला फोन केला तेव्हा कळलं की 'वर' त्याच्या देवघरात आहे. हळदकुंकू लागलं होतं. "शूटिंग उघडत नाही दाजी, नुसती नक्षी दिसते. पण ताईच्या हातचं आहे, राहू द्या ना." तिच्यावर खरोखर तिच्या हातचीच नक्षी होती. मी राहू दिली.

'खाली' मी गोदीत उभी केली. पुसलेल्या फाईली शोधणारं एक सॉफ्टवेअर डेटा परत मिळवून देणाऱ्या दुकानातून लॅपटॉपमध्ये घालून घेतलं होतं. ते शाळेतल्या तपासनिसासारखं सावकाश चालतं, आणि बहुतेक ठिकाणी काहीच न सापडल्याचं समाधानाने कळवतं. जे मिळालं ते बरंचसं आमचं पार्किंग होतं. प्रमुख स्वतः कॅमेऱ्याखाली उभे राहून केस विंचरताना दोनदा मिळाले.

मग एक धडा मिळाला. पडद्यावर आंब्याची कोयरी, बाण तिच्या कडेने फिरतो.

"हं, बघा बायांनो," ती म्हणते. "वरचा धागा जास्त ताणला की खालचा वर येतो. दोरा तुटला म्हणून मशीनला शिव्या देऊ नका. आधी बघा, बॉबिन खाली..." इथे ती थांबते. मागे जिन्यावर माझी पावलं वाजतात. "...रिकामी झाली का. रिकामी म्हणायचं हं, सर आले." बायका हसतात. त्या हसण्यात आवाज तुटतो आणि पडदा निळा होतो.

विद्यार्थिनीला मी त्याची प्रत दिली. अर्धा धडा आहे असं सांगितलं. ती म्हणाली, "चालेल सर, मला इथपर्यंतच येत नव्हतं."

बाकीचे धडे मिळाले नाहीत. डिस्क गोदीत आहे. तिच्यावरचा कागद मी बदललेला नाही.