ताईला घेऊन मुलुंडच्या उपासनेला

पन्नासच्या दशकात बोरिवलीहून मुलुंडला जायचं म्हणजे अख्खा रविवार जायचा. तरी मी निघाले, कारण भाऊजींचा निरोप आला होता: ताई वर्षभर चर्चच्या उपासनेला गेलेली नाही, तू ये, तुझ्याबरोबर येईल ती. माझ्या या थोरल्या बहिणीचा गळा मंडळीत सर्वांत गोड. तिचं तान्हं बाळ गेलं आणि तिचं गाणं थांबलं.

पहाटेच्या गाडीने दादर, मग पूल ओलांडून पलीकडची गाडी. दादरला चहा मिळायचा, पण घाईत तोंड भाजायचं. खायचं घरूनच न्यावं. भांडुप सोडलं की डावीकडे डोंगर, उजवीकडे मिठागरं. मुलुंडला टांगे असायचे, भाव मात्र आधी ठरवावा लागे. ताईचं घर जवळच, म्हणून मी चालत गेले.

ताई भाकऱ्या थापत होती.

"कशाला आलीस ते माहितेय मला," ती म्हणाली. "येते मी. पण गायला लावू नकोस."

"नाही लावणार."

उपासना शाळेच्या एका वर्गात भरायची. बाकं लहान मुलांची, गुडघे पुढच्या फळीला टेकायचे. पेटी, तबला, झांजा. पहिलं गीत संपलं आणि पुढच्या बाकावरची बाई मागे वळून ताईला म्हणाली, "विश्वास डळमळला की गळाही बसतो वाटतं!"

"चल गं, जाऊ या," मी ताईच्या कानात म्हटलं.

"बस तू," ती म्हणाली.

मननाला पाळकसाहेबांनी बाबेलच्या बंदिवानांची कथा घेतली. परमुलखात ओढून नेलेली माणसं. नेणारेच म्हणाले, तुमच्या देवाचं गाणं म्हणून दाखवा. त्यांनी वीणा झाडांना टांगल्या. गायले नाहीत.

"देव त्यांच्यावर रागावला नाही," पाळकसाहेब म्हणाले. "त्यांचं न गाणंसुद्धा त्याने बायबलातल्या गाण्यांमध्येच जपून ठेवलं."

हा भाग मी कितीदा ऐकला होता, पण असा नाही. ताई ताठ बसून ऐकत होती. शेवटच्या गीताला ती सगळ्यांबरोबर उभी राहिली. ओठ मिटलेलेच.

घरी भाकरी आणि मटणाचा झणझणीत रस्सा. भाऊजी तिच्या ताटात वाढत राहिले.

संध्याकाळी ताई मला स्टेशनवर सोडायला आली. गाडीची वाट बघत मी सकाळचं गीत गुणगुणत होते.

"तिसऱ्या ओळीत घसरतेस तू," ताई म्हणाली.

"कुठे?"

"अगं, असं म्हण," आणि तिने अख्खी ओळ गाऊन दाखवली. मग आपलाच आवाज ऐकून दचकली, आणि तोंडावर पदर धरून रडली. मी तिचा हात धरून उभी राहिले. एक गाडी मी जाऊ दिली.

बोरिवलीला पोचले तेव्हा दिवे लागले होते. यांनी दारातच विचारलं, "गायली का?"

"उपासनेत नाही," मी म्हणाले.

काही महिन्यांनी ती तिथेही गाऊ लागली, मागच्या बाकावरून, हळू आवाजात. बायका म्हणाल्या, हिचा विश्वास परत आला. ती वर्षभर गप्प होती तेव्हाही तो होता, हे मी त्यांना सांगितलं. आजही जो ऐकेल त्याला सांगते.