सात नो-ट्रम्पच्या डावात मला सोडून सगळ्यांनी ऐकलेला आवाज

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात नापास करत आलोय. वारा असेल, डुलकी लागली असेल, दोन पेग झाले असतील... मी पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त इंजिनीयर. पाइप कुठंतरी फुटल्याशिवाय पाणी गळत नाही, एवढीच माझी श्रद्धा. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय. पण त्या दुपारी आली होती तितकी नाही.

नवीन पनवेलला आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, पहिल्या मजल्यावर, दर रविवारी दुपारी ब्रिज चालतो. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चौघं जण, दोन जोड्या, तेरा हात. ज्या जोडीची बोली लागते तिच्यातला एकच जण खेळतो. त्याचा पार्टनर आपली पानं टेबलावर उघडी मांडून गप्प बसतो — तो डमी. डमीनं एका शब्दानंही काही सुचवायचं नाही, हा कडक नियम. आणि तेराच्या तेरा हात मीच जिंकणार अशी बोली लावली, की तो ग्रँड स्लॅम. एक हात गेला तरी सगळं गेलं.

उषा — माझी बायको — आणि मी तीसेक वर्षं पार्टनर होतो. ती माझ्यापेक्षा फार वरची खेळाडू होती, हे अख्ख्या क्लबला माहीत होतं. तिचा हातखंडा म्हणजे स्क्वीझ. आपले खात्रीचे हात एकेक करून काढत राहायचे. प्रत्येक हाताला समोरच्याला एक पान टाकावंच लागतं. शेवटी त्याच्याकडे फक्त मोलाची पानं उरतात, आणि तरीही त्यातलं एक टाकावं लागतं. तिथं तो मेला. ऐकायला सोपं आहे. मी यावरची पुस्तकं वाचली, कागदावरची कोडी सोडवली, कॉम्प्युटरवर सराव केला... टेबलावर एकदाही जमलं नाही. एक तर मोजणी चुकायची, नाहीतर नको ते पान आधी काढून बसायचो. आणि उषा गप्प. डमीला बोलता येत नाही ना! स्कूटरवर घरी येताना मात्र मागून सगळं ऐकवायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता माझे पार्टनर हिरामण पाटील. सुकापूरचे. शेतांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि दुपारी करायला काही उरलं नाही, म्हणून क्लबात आले. त्यांना ब्रिज उषानंच शिकवला.

तर दिवाळीनंतरचा एक रविवार. बाहेरच्या जोड्यांनाही बोलावलं होतं. आमच्या टेबलावर खारघरहून आलेले दोघं बसले. माझ्या डावीकडे मेहता, उजवीकडे साळवी मॅडम, कॉलेजात शिकवायच्या. आधी कधी भेट नाही, ओळख नाही.

आमची बोली चढत चढत सात नो-ट्रम्पवर, म्हणजे हुकूमच नसलेल्या सगळ्यात मोठ्या बोलीवर गेली. ग्रँड स्लॅम, आणि खेळणार मी! पाटलांनी पानं मांडली, तेवढ्यात वॉचमन वर आला. त्यांची गाडी गेटसमोर आडवी होती. पाटील "आलोच हां" म्हणत खाली गेले. समोरची खुर्ची रिकामी. डमीची पानं मीच खेळू लागलो.

मेहतांनी इस्पिकची उतारी केली. मी हात घेतला आणि मोजायला बसलो. बारा हात पक्के. तेरावा? चौकटची राणी विरुद्ध जोडीकडे होती. ती साळवी मॅडमकडे आहे असं धरून माझ्याकडचा गुलाम लावायचा, म्हणजे फिनेस, म्हणजे सरळ जुगार. आयुष्यभर मी तेच केलं होतं. डमीतल्या चौकटच्या छोट्या पानाकडे हात नेलासुद्धा.

आणि थांबलो.

बदामातही एक चान्स होता. चौकटची राणी आणि बदामाची बरीचशी पानं एकाच माणसाकडे असतील तर... स्क्वीझ! मी हात मागे घेतला. चौकटचे एक्का-राजा आधी काढले. मग इस्पिकं, मग किलवर. शेवटच्या किलवरला मेहतांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बराच वेळ पानांकडे बघत बसले आणि अखेर चौकटची राणी टाकली. माझा गुलाम मोकळा! तेराच्या तेरा हात.

मला टाळी वाजवावीशी वाटत होती. आणि मेहतांनी हात वर करून डायरेक्टरला, म्हणजे पंचाला, हाक मारली.

"इनके डमीनं सांगितलं ह्यांना," मेहता म्हणाले. "असं चालतं तुमच्याकडे?"

"डमी खाली गाडी काढतोय!" मी ओरडलोच. "खुर्ची दिसत नाही का रिकामी?"

"मग लेडीज कोण होती?" मेहता म्हणाले. "बाईचा आवाज होता. ह्यांच्या समोरून आला, एकदम क्लियर."

साळवी मॅडम अस्वस्थ झाल्या होत्या. "मीही ऐकलं," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही चौकटला हात घातलात, तेव्हा. मला वाटलं, त्या रिकाम्या खुर्चीमागं कुणी उभं आहे. पण मागं तर भिंत आहे."

आमचे डायरेक्टर क्षीरसागर. नियमांचा माणूस. त्यांनी विचारलं, "नक्की काय शब्द होते?"

"'अहो, घाई करू नका,'" साळवी मॅडम म्हणाल्या, "'सांडशी लावा.'"

"हां, सांडशी," मेहता म्हणाले. "वो क्या होता है?"

गरम पातेलं उतरवायची सांडशी हो. उषा स्क्वीझला सांडशी म्हणायची. दोन्ही बाजूंनी धरायचं, की सुटका नाही. हा शब्द कुठल्या पुस्तकात नाही. ती तो घरी वापरायची, आणि शिकवताना.

पाटील तेवढ्यात वर आले. "काय झाला? मी तर खाली होतो, वॉचमनला विचारा. मी काय बोललो नाय." क्षीरसागरांनी त्यांना शब्द सांगितला. पाटील मटकन खुर्चीत बसले, आणि लगेच त्या खुर्चीतून उठले. "वहिनींचा शब्द हाय हा," एवढंच म्हणाले.

आणि मी? मला काहीही ऐकू आलं नव्हतं. शप्पथ सांगतो... पंख्याची घरघर, पलीकडच्या टेबलावरचं खोकणं, सगळं ऐकू येत होतं. फक्त तेवढं नाही.

क्षीरसागरांनी डाव रद्द केला. दोन्ही जोड्यांना सरासरी मार्क. "बाहेरून सूचना मिळाली असं दोघं म्हणतात," म्हणाले, "कुणाकडून ते मी ठरवू शकत नाही." मी भांडलो. आवाज चढवला. अहो, आयुष्यात एकदा स्क्वीझ जमला आणि तो पुसून टाकला! घरी आल्यावर उषाच्या फोटोसमोर उभा राहून तिच्याशीही भांडलो. बोलायचंच होतं तर मला सोडून सगळ्यांना? मेहतांना?

कानाची तपासणी करून घेतली, कान उत्तम निघाले. मेहता आणि साळवी मॅडम पाटलांना किंवा क्लबातल्या कुणालाही ओळखत नव्हते, हे खोदून खोदून विचारून झालं. नंतर काही रविवार मुद्दाम त्याच टेबलावर बसलो, पाटलांना चहाला पिटाळलं, चुकीच्या पानाकडे हात नेऊन वाट पाहिली. काही नाही. चार स्लॅम मात्र घालवले. पाटील वैतागले, "साहेब, निदान जिंकायचा तरी बघा."

तो हात मी का मागे घेतला, हे मला आजही सांगता येत नाही. मला सुचलं, असं मी सगळ्यांना ठासून सांगतो. पण मग मला आधी तीस वर्षं का नाही सुचलं? कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा. वारा होता असं मात्र लिहू नका.

साळवी मॅडमना मी अधूनमधून फोन करतो. पहिल्यांदा विचारलं होतं, आवाज कसा होता, रागावलेला? त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "नाही हो. कंटाळलेला. पण मायेनं कंटाळलेला." आता मी फक्त एवढंच म्हणतो, पुन्हा एकदा म्हणून दाखवाल का? त्या बिचाऱ्या दर वेळी दाखवतात, जसं ऐकलं तसं, सावकाश. मी फोन कानाला घट्ट धरून ऐकतो. आवाज साळवी मॅडमचाच असतो.